शब्दाचा कल

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. तिच्या विज्ञानात ‘इन्क्लाइन्ड प्लेन’ येतं आणि माझ्या ऑफिसच्या मेलमध्ये साहेब लिहितात, ‘आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टू अ‍ॅग्री’. घसरगुंडीला आणि साहेबांच्या मताला एकच शब्द कसा काय?

उत्तर : शब्द एकच आहे, आणि दोन्ही अर्थ त्याच्या घरचेच आहेत. लॅटिनमध्ये ‘क्लिनारे’ म्हणजे झुकणं, वाकणं. त्याला ‘इन’ लागून ‘इन्क्लिनारे’ झालं : कशाकडे तरी झुकणं. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तो साधारण 1300च्या सुमारास, आणि तेव्हा ‘एन्क्लाइन’ असा. पुढे लॅटिनकडे बघून त्याचं पहिलं अक्षर बदललं. आपल्याला वाटतं की आधी फळी तिरपी झाली असेल आणि मन नंतर. पण लॅटिनमध्येच मन झुकायला लागलं होतं, आणि इंग्रजीतही सुरुवातीपासून मान लववणं आणि मन वळणं हे अर्थ जोडीनं दिसतात. मुलीच्या पुस्तकातली संज्ञा बरीच नंतरची.

या शब्दाचं गणगोत बघण्यासारखं आहे. ‘डिक्लाइन’ आणि दिवाणखान्यातला ‘रिक्लाइनर’ तर तोंडावळ्यावरूनच ओळखू येतात. ‘क्लिनिक’ मात्र चटकन ओळखू येत नाही. ग्रीकमध्ये ‘क्लिने’ म्हणजे टेकायचा, आडवं व्हायचा पलंग. त्या पलंगाशी जाऊन करायची ती क्लिनिकची वैद्यकी. ‘क्लायमेट’ म्हणजे मुळात उतार : विषुववृत्तापासून ध्रुवाकडे पृथ्वी उतरत जाते अशी ग्रीकांची कल्पना, म्हणून अक्षांशांच्या पट्ट्यांना ते नाव पडलं आणि नंतर तिथल्या हवेला. ‘क्लायमॅक्स’ ही ग्रीकांची शिडी. इंग्रजीचं स्वतःचं ‘लीन’ (टेकणं) आणि ‘लॅडर’ही याच कुळातले.

आणि हे कूळ आपल्याकडेही आहे. संस्कृत ‘श्रि’ हा धातू त्याच मुळाचा. त्याचा अर्थ टेकणं, आधार घेणं. आश्रय, आश्रित हे शब्द तिथूनच आले. भिंतीला टेकवून ठेवायची ती ‘निश्रेणी’, म्हणजे शिडी. गोव्यात कोकणीत शिडीला आजही निसण म्हणतात. माडाला टेकवलेली निसण आणि साहेबांचं ‘इन्क्लाइन्ड’ हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

प्रश्न : जिममधला ट्रेनर ट्रेडमिलवर ‘इन्क्लाइन पाच’ ठेवायला सांगतो. पाच म्हणजे पाच अंश का?

उत्तर : नाही, पाच टक्के. शंभर मीटर पुढे गेलात तर पाच मीटर वर. अंशांत मोजाल तर हे तीनसुद्धा भरत नाहीत. (शंभर टक्के म्हणजे उभी भिंत नव्हे, ते झाले 45 अंश.)

पण आकडा लहान म्हणून हसू नका. याच शब्दाचा आपल्याकडचा एक मोठा नमुना कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये आहे. 1863 साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गाला इंग्रजांनी नाव दिलं ते ‘इन्क्लाइन’च. तिथला सर्वांत कडक चढ 37त 1, म्हणजे 37 फूट पुढे सरकावं तेव्हा एक फूट वर. टक्क्यांत हे होतात जेमतेम 2.7. तेवढ्यासाठी कर्जतला बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. ती ‘बँकर’ लागेपर्यंत आपण खिडकीतून वडा घेतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला एवढासा चढही जड जातो. तुमचा ‘पाच’ बोरघाटातल्या रुळांपेक्षा जवळजवळ दुप्पट उभा आहे, हे ट्रेनरला जरूर सांगा.

प्रश्न : उच्चारात ‘इन’वर जोर द्यायचा की ‘क्लाइन’वर?

उत्तर : चढ या अर्थी नाम असेल तर ‘इन’वर, झुकणं हे क्रियापद असेल तर ‘क्लाइन’वर. एवढंच.

प्रश्न : क्लायंटनं लिहिलं, ‘वी आर इन्क्लाइन्ड टू प्रोसीड’. मी टीमला पेढे वाटले आणि पंधरा दिवसांनी नकार आला. माझं काय चुकलं?

उत्तर : पेढ्यांची घाई झाली. या शब्दाचा अर्थ ‘मन त्या बाजूला आहे’, इतकाच. गाडी उताराला तोंड करून उभी आहे, पण हँडब्रेक ओढलेला आहे. विरोध न दुखावता करायचा असेल, तरी इंग्रज माणूस हाच शब्द वापरतो : ‘आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टू डिसअग्री’, म्हणजे ‘मला काही ते पटत नाही बुवा’.

जाता जाता ‘प्रोन’बद्दल. तोही झुकलेलाच शब्द, लॅटिन ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे वाकलेला. कोविडमध्ये डॉक्टर पालथं झोपायला सांगत तेव्हा तो आपल्या घराघरांत पोचला. पण ‘कल असलेला’ या अर्थी त्याच्या वाट्याला बहुधा वाईटच गोष्टी येतात : अपघात, आजार, चुका. गाण्याची आवड असलेल्या मुलीला ‘म्युझिकली इन्क्लाइन्ड’ म्हणा, ‘प्रोन’ म्हणू नका. आणि ‘इन्क्लाइन्ड’ म्हटल्यावर ती सुरात गाते असंही ठरत नाही, ओढा आहे इतकंच.

प्रश्न : मी भाषांतराचं काम करते. ‘इन्क्लिनेशन’ला ‘झुकाव’ लिहू का?

उत्तर : लिहिलंत तर चूक म्हणणार नाही, पण हाताशी ‘कल’ असताना हिंदीच्या दारात कशाला जायचं? भिंतीला कल येतो, दिवस कलतो, तराजू कलतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळपासून टीव्हीवर कल येत राहतात आणि दहावीच्या मुलांची काही वर्षं कल चाचणी घेत असत. लॅटिन शब्दानं केला तोच प्रवास या दोन अक्षरांनी केलाय.

मात्र बांधकामाचा मजकूर असेल तर जपून. तिथे ‘ढाळ’ हा वेगळा शब्द आहे. आमच्या न्हाणीघराची फरशी बसवून झाली तेव्हा मी तांब्याभर पाणी ओतलं, आणि ते मोरीकडे न जाता थेट दाराकडे निघालं. मी मिस्त्रींना म्हटलं, फरशीला कल आलाय. ते म्हणाले, ‘कल नाही साहेब, ढाळ उलटा पडलाय. ढाळ आपण देतो, कल आपला आपण येतो.’ शब्दकोशात इतका नेमका फरक मला सापडला नव्हता. म्हणून मुद्दाम दिलेल्या उताराला ढाळ लिहा, आणि मनाला, मताला, जुन्या भिंतीला कल.

फरशी उखडून पुन्हा बसवली. आता पाणी नीट मोरीत जातं. दार मात्र हात न लावता हळूहळू बंद होतं. चौकटीला कल आलाय.