हसू नेमकं कुठे फुटतं?

प्रश्न : मी पुण्यात ओपन माइक करतो, म्हणजे कुणालाही मंच खुला असतो तिथे विनोद सादर करतो. घरकामाच्या मावशींना वेगळ्या कपात चहा देणाऱ्या मालकिणीवर माझा दीड मिनिटाचा तुकडा आहे. मावशींची बोली हुबेहूब काढतो, लोक खूप हसतात. पण परवा एक मुलगी येऊन म्हणाली, "तुम्ही माझ्या आईची नक्कल केलीत." तुकडा टाकून देऊ का?

उत्तर : टाकू नका, पण त्या मुलीचं म्हणणं खरं आहे असं धरूनच कामाला लागा. पुढच्या वेळी फोनवर आवाज रेकॉर्ड करा. घरी ऐकताना प्रत्येक हशाच्या आधीचा शेवटचा शब्द कागदावर लिहा. तिथे 'व्हय', 'नगं' असेच शब्द जमले, तर लोक बोलीला हसताहेत आणि कप कुणाच्या लक्षातही आलेला नाही. मग तोच तुकडा प्रमाण मराठीत म्हणून पाहा. हशा गेला, तर त्यात विनोद नव्हताच, नुसती नक्कल होती.

हेतू चांगला असून भागत नाही. अमेरिकेत डेव्ह शपेल या विनोदवीराने 2005 मध्ये भरभराटीतला स्वतःचा टीव्ही शो मध्येच सोडला. वंशभेदी साच्यांचीच खिल्ली उडवणाऱ्या एका प्रहसनाच्या चित्रीकरणात एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते त्याला खटकलं होतं. हे त्यानेच पुढे मुलाखतीत सांगितलं.

तुमच्या तुकड्यात नक्कल करायचीच तर मालकिणीची करा. तिचा गोड, शुद्ध स्वर : "आमच्याकडे जातपात नाही हं मानत." मग एक-दोन सेकंद गप्प. हात सिंकखालच्या, कान तुटलेल्या कपाकडे जाऊ द्या. मावशी शांतपणे विचारतात, "मग या कपालाच तेवढी जात हाय व्हय?" ही ओळ कुठल्याही बोलीत म्हणा, हसू मालकिणीवरच पडतं. त्यानंतर 'समाजात असं असतं बघा' वगैरे एक शब्दही नको, समजावायला गेलात की पंच मेला. टॅग, म्हणजे पंचनंतरची आणखी एक छोटी हशाची ओळ, जोडायचा तर तोही मालकिणीवरच.

असा कप तुमच्याच घरी असेल, तर 'आमच्या घरी' म्हणा. आपण कुठे उभे आहोत हे लोकांना कळायला हवं. म्हणूनच पाच मिनिटांच्या सेटमध्ये हा तुकडा पहिला ठेवू नका, दोनेक मिनिटं झाल्यावर घ्या. आणि तीन वेगळ्या वस्त्यांत, वेगळ्या श्रोत्यांपुढे करा. एकाच कॅफेतली तीच मंडळी फसवतात.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशांनी बाज तमाशाचाच घेतला, पण हसण्याचा रोख भटजी-सावकारांकडे वळवला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांत तर ज्यांच्यावर हसलं जायचं तेच मंचावर उभे राहिले. तुमच्या ओपन माइकमध्ये अशा घरांतली मुलं-मुली येतात का, हे आयोजकांना जरूर विचारा. मावशींची गोष्ट मावशींच्या लेकीने सांगितली, तर नकलेची गरजच उरत नाही.

प्रश्न : याचंच 30 सेकंदांचं रील केलं तर?

उत्तर : कापताना 'जातपात नाही मानत' हे वाक्य उडालं, तर उरते फक्त मावशींची बोली, आणि लाखो लोक तेवढंच पाहतात. ते वाक्य आणि त्यानंतरची शांतता जशीच्या तशी ठेवा, भले रील 45 सेकंदांचं होवो. हसण्याचे इमोजी मावशींच्या ओळीवर चिकटवू नका.