वाचकांचे प्रश्न : ओपन सोर्सवर कंपनीची वेबसाइट करावी का?

प्रश्न : आमच्या छोट्या कंपनीची वेबसाइट नव्याने करायचीय. एक डेव्हलपर म्हणतो वर्डप्रेसवर करू, दुसरा म्हणतो ते ओपन सोर्स आहे, कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे हॅक होणारच, त्यापेक्षा मी बनवलेली सिस्टिम घ्या. कोणाचं ऐकू?

उत्तर : पहिल्याचं ऐका, पण त्याच्याशी काही गोष्टी आधी बोलून घ्या. कोड दिसतो म्हणून साइट्स हॅक होत नाहीत हो, बहुतेक वेळा अपडेट राहून गेलेला असतो म्हणून होतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये ड्रुपल ७ (वर्डप्रेससारखंच वेबसाइट बनवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) मधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, दुरुस्ती त्याच दिवशी मिळाली, तरी काही तासांत हल्ले सुरू झाले, आणि पुढे ड्रुपलच्या सिक्युरिटी टीमनेच सांगितलं की जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांनी आपली साइट हॅक झालीय असंच धरून चालावं. म्हणून डेव्हलपरला पहिला प्रश्न हा विचारा की साइट सुरू झाल्यावर अपडेट कोण करणार, आणि ते लेखी घ्या. वर्डप्रेसचे छोटे सिक्युरिटी अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, पण प्लगइनचं (म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयींचं) ऑटो अपडेट आपल्याला चालू करावं लागतं, आणि जास्त भोकं प्लगइनमध्येच सापडतात, तेव्हा लागतील तेवढेच ठेवा, बाकीचे नुसते बंद नको, डिलीट करा. पैसे वाचवायला कोणी पेड थीमची (साइटच्या रूपाच्या विकत मिळणाऱ्या तयार साच्याची) क्रॅक कॉपी टाकून देत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, त्यात बऱ्याचदा मालवेअर घुसवलेलं असतं.

दुसऱ्याच्या सिस्टिमची मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. उद्या त्याने काम सोडलं तर ती समजणारा माणूस कुठून आणणार? वर्डप्रेस जाणणारे ढीगभर मिळतात. पण हा फायदा तुम्हाला तेव्हाच मिळेल जेव्हा डोमेन (साइटचा पत्ता) तुमच्या नावावर असेल, होस्टिंगचं (साइट जिथे ठेवलीय त्या सर्व्हरचं) अकाउंट तुमच्या ईमेलवर असेल, अ‍ॅडमिन लॉगिन तुमच्याकडे असेल आणि बॅकअपची एक कॉपी त्या सर्व्हरच्या बाहेर असेल, फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही हं, कारण लेख आणि पानांचा मजकूर डेटाबेसमध्येच असतो. डोमेनच डेव्हलपरच्या नावावर असेल तर सॉफ्टवेअर कितीही मोकळं असो, तुम्ही अडकलातच.

प्रश्न : आमच्यासाठी खास लिहून घेतलेला कोड मग सगळ्यांना फुकट द्यावा लागेल का?

उत्तर : नाही. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला तिन्ही जीपीएल नावाच्या ओपन सोर्स लायसन्सखाली येतात, आणि कोड खुला द्यायची त्याची अट लागते ती सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटलं किंवा विकलं तर. स्वतःच्या साइटवर बदललेला कोड नुसता चालवला तर तो जाहीर करायची सक्ती नाही, आणि तुमचे लेख, फोटो, ग्राहकांची माहिती यांचा त्या लायसन्सशी काही संबंध येत नाही. फक्त डेव्हलपरबरोबरच्या करारात एक ओळ घाला, की आमच्यासाठी लिहिलेल्या कोडचे हक्क आमचे.