भोपळ्याचा वेल माजलाय, फळ धरत नाहीये

प्रश्न : ताई, लाल भोपळ्याचा वेल जोरात वाढलाय, पानं एवढी की खालची माती दिसत नाही, पण भोपळा एकही नाही. फुलं येतात नि गळून जातात. खड्ड्यात कोंबडीखत भरपूर घातलं होतं आणि निंबोळी पेंडीचं पाणी अजून चालूच आहे. सगळं ऑरगॅनिकच आहे, मग बिघडलं कुठे? आता लाकडाची राख टाकू का?

उत्तर : आधी ते पेंडीचं पाणी बंद करा. ऑरगॅनिक म्हटलं की कितीही घाला चालतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण वेलाला काय, नायट्रोजन युरियातून आला काय नि कोंबडीखतातून आला काय, सारखंच. कोंबडीखतात तो शेणखतापेक्षा बराच जास्त असतो, त्यात वरून पेंड, मग वेल माजणारच, आणि माजलेला वेल नुसती पानं काढत बसतो, मादी फुलं उशिरा येतात नि कमी येतात.

तरी फुलं एकदा नीट बघा. सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुलं, लांब बारीक देठाची, ती गळणारच, त्याचं टेन्शन नको. मादी फुलाच्या बुडाशी छोटा भोपळाच असतो, तो पिवळा पडून गळत असेल तर बहुतेक परागीभवन होत नाहीये. मग सकाळी सकाळी ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. उशीर केलात तर फूल मिटतं, ते परत उघडत नाही.

राखेत पोटॅश असतं, फळाला चांगलंच, पण ती मातीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप, वाढवते आणि भोपळ्याला साधारण 6 ते 6.8 मानवतो. तेव्हा माती चुनखडीची असेल, म्हणजे पीएच आधीच जास्त, तर राख नकोच, नसेल तर मूठभर, बुडापासून हातभर लांब पसरून मातीत मिसळा, बास. ताज्या शेणात किंवा कोंबडीखतात मात्र राख कालवू नका, नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, नाकाला कळतंच ते.

पुढच्या वेळी खड्ड्यात पूर्ण कुजलेलं शेणखत नाहीतर कंपोस्ट घाला, हाताला गरम लागत नाही, वास येतो तो मातीचा, असं. कोंबडीखत घालायचंच तर तेही कुजवून, थोडंसंच. आणि कोणी लाकडाचा कच्चा भुसा मिसळा म्हणालं तर नको, तो कुजताना मातीतला नायट्रोजन खेचतो नि कोवळी रोपं पिवळी पडतात.