दुचाकी आणि होडीचे इंजिन: पंधराशे रुपयांत कोणता रॅचेट घ्यावा?

दुचाकीच्या आणि हर्णै बंदरातील मामांच्या होडीवरील डिझेल इंजिनाच्या कामासाठी पंधराशे रुपयांत चांगला रॅचेट (बोल्टवरून न काढता मागे-पुढे हलवून फिरवायचा दात्यांचा पाना) मिळेल का, की त्याच किमतीतला चाळीस नगांचा पेटीबंद संच घ्यावा, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की संच घेऊ नये. रिंग पाने आपल्याकडे आहेतच. तेव्हा अर्ध्या इंचाच्या चौकोनी टोकाचा एक चांगला रॅचेट, इंजिनाला खरोखर लागणाऱ्या चार-पाच गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणारे सॉकेट) आणि एक सरकता टी-दांडा (गोटी फिरवायचा साधा आडवा दांडा) एवढेच घ्यावे.

टी-दांड्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. खाऱ्या हवेत गंजून बसलेला बोल्ट पहिल्यांदा हलवताना सर्वांत जास्त जोर लागतो आणि रॅचेटमध्ये तो सगळा जोर डोक्यातल्या, दात्यांत अडकणाऱ्या लहानशा खटक्यावर व चक्राच्या मोजक्या दात्यांवर येतो. टी-दांड्यात दातेच नसल्यामुळे तुटण्यासारखे फारसे काही नसते. म्हणून बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी टी-दांड्याने तो मोकळा करावा आणि मगच रॅचेट लावावा. सुरुवातीला मी रॅचेटलाच पाइप घालून जोर देत असे. एकदा खटका निसटला आणि माझी बोटे ब्लॉकवर आपटून सोलून निघाली. तेव्हापासून हा नियम मी मोडलेला नाही.

गोट्या सहा कोनांच्या घ्याव्यात. बारा कोनांची गोटी लवकर बसते हे खरे, परंतु गंजाने झिजलेल्या डोक्यावर ती कोपरे खाते, तर सहा कोनांची गोटी सपाट बाजू धरते.

दात्यांच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. २४ दात्यांचा रॅचेट एकेका दात्यासाठी १५ अंश फिरवावा लागतो, ७२ दात्यांचा केवळ ५ अंश. होडीत इंजिन आणि फळ्या यांच्यामधल्या अडचणीच्या जागेत हा फरक हाताला जाणवतो. परंतु बारीक दात्यांना पोलाद आणि घडण दोन्ही उत्तम लागतात आणि स्वस्त मालात नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. आपल्या किमतीत ३६ ते ४५ दात्यांचा रॅचेट मला अधिक विश्वासाचा वाटतो.

‘क्रोम व्हॅनेडियम’ (पोलादाचा प्रकार) ही अक्षरे जवळजवळ प्रत्येक पान्यावर असतात, त्यामुळे केवळ त्यांवर निर्णय घेऊ नये. ‘डीआयएन ३१२२’ किंवा ‘आयएसओ ३३१५’ या मानकांचा उल्लेख असेल तर चांगले, आणि नाशिकला कारखाना असलेल्या टपारियासारख्या जुन्या नावाचा माल पाहावा. तरीही दुकानात हातात घेऊन तपासणे टाळू नये. चौकोनी टोक दोन बोटांत हलकेच धरून दांडी उलटी फिरवावी. टोक बोटांतून सुटून सोबत फिरू लागले, तर सैल झालेला नट काढतानाही तो मागे-पुढे होत राहील आणि काम पुढे सरकणार नाही. मग दिशा बदलणारी कळ दोन्हीकडे पंधरा-वीस वेळा दाबून पाहावी, डोके खुळखुळते का ते पाहावे आणि मुलाम्याला कडेला पोपडा किंवा बारीक चीर नाही याची खात्री करावी, कारण आपल्याकडे गंज तिथूनच आत शिरतो. डोके स्क्रूने उघडता येत असेल तर थोडे अधिक पैसे द्यायलाही हरकत नाही.

दुचाकीच्या १० नंबरच्या (डोके १० मिलिमीटरचे) लहान बोल्टांना मात्र हा रॅचेट लावू नका. सहा मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचे माप) पुरतात, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या दांडीवर सुमारे चार किलोंचा भार. त्याहून जास्त ओढ सहज लागते आणि अॅल्युमिनियममधले आटे जातात. तिथे आपले रिंग पाने योग्य आहेत.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होड्या शाकारलेल्या असतात आणि इंजिनांची कामे निघतात, नेमकी तेव्हाच हवाही सर्वांत दमट असते. काम संपल्यावर रॅचेट गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा, कोरडा करावा, तेलाचा हात फिरवावा आणि वर्षातून एकदा डोके उघडून साफ करावे. आत घट्ट ग्रीस ठासून भरू नये. त्यात खटका चिकटतो, दात्यांत पूर्ण बसत नाही आणि ऐन जोरात घसरतो. पातळ ग्रीसचा हलका लेप पुरतो.