नीटचा तिसरा प्रयत्न कोणासाठी?

प्रश्न : आम्ही वसईचे. मुलगी दोनदा नीटला बसली, सरकारी कॉलेज दोन्ही वेळा हुकलं. तिसऱ्या प्रयत्नासाठी तिला धर्मग्रामाच्या गायनवृंदातून काढलं आहे. ती म्हणते, युरोपात मध्ययुगीन संगीत गाणाऱ्या गटात जायचं. चर्चमध्ये गाणं ठीक आहे, पण त्यावर पोट भरतं का? तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमच्या मूळ पत्रात दोन्ही नीटचे विषयवार गुण आहेत. ती सोप्रानो (उंच पट्टीत) गाते की आल्टो (खालच्या पट्टीत), हे कुठेच नाही. दोन वर्षं पुस्तकांत घालवलेल्या मुलीकडून आठवड्यातले ते दोन तासही काढून घेतले, याची मला गुणांपेक्षा जास्त काळजी वाटते. रविवारी मिस्सेला ती आता मागच्या बाकावर गप्प बसते, असं तुम्हीच लिहिलंय. ते वाक्य पुन्हा एकदा वाचा. गाणं बंद केल्याने फिजिक्स सुधारत नाही. तिसरी नीट तिने स्वतःहून मागितली असेल तरच द्यावी.

आता 'चर्चमधलं गाणं' हा गैरसमज. असे गट म्हणजे अभ्यासकांचं काम असतं. इंग्लंडमधला 'गॉथिक व्हॉइसेस' 1980 साली क्रिस्टोफर पेज यांनी काढला. ते मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक, पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाले. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठातली दहाव्या शतकातली हस्तलिखितं बघा : स्वरांची उंची दाखवणाऱ्या आडव्या ओळीच नाहीत, लॅटिन शब्दांच्या डोक्यावर नुसत्या बारीक रेघा आणि वळणदार खुणा. आवाज चढवायचा की उतरवायचा ते कळतं, किती ते कळत नाही, कारण गाणाऱ्यांना चाल पाठच असायची. मग तेच गाणं नंतरच्या, ओळी आखलेल्या हस्तलिखितात शोधायचं, दोन्ही शेजारी ठेवायची, लॅटिन शब्दावर जोर कुठे येतो ते पाहायचं आणि मग तोंड उघडायचं. नुसत्या गोड गळ्यावर हे होत नाही. तुमच्या मुलीला जिची गाणी आवडतात ती बिंगेनची हिल्डेगार्ड (1098–1179) संन्यासिनी होती, तिने औषधी वनस्पतींवरही लिहिलं, आणि 2012 मध्ये पोपनी तिला 'डॉक्टर ऑफ द चर्च' हा मान दिला.

पोटाचं स्पष्ट सांगते. फक्त अशा गायनावर जगणारे थोडे. बाकीचे शिकवतात, संशोधन करतात. न्यूयॉर्कच्या चार बायकांचा 'अनॉनिमस फोर' 1986 पासून जवळजवळ तीस वर्षं टिकला, पण तसं नशीब गृहीत धरू नये.

म्हणून तिचा 'लगेच युरोप' हा हट्टही मला मान्य नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या स्कोला कांटोरुम या संगीत विद्यालयात (स्थापना 1933) या काळाच्या संगीताचा खास अभ्यासक्रम आहे, पण तिथे आवाजाची परीक्षा देऊनच प्रवेश मिळतो आणि तिची तयारी अजून कच्ची आहे. आधी इतिहास किंवा साहित्य घेऊन बीए करू दे. सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत थिअरीच्या परीक्षा, आणि लॅटिन. तुमच्या फादरना सेमिनरीत लॅटिन होतं का, विचारून पाहा. पहिले धडे घरापासून दहा मिनिटांवर मिळतील. तीन वर्षांत कळेल, तिला हस्तलिखितांत रमायचंय की फक्त स्टेजवर उभं राहायचंय. दुसरं असेल तर वाट वेगळी, तेव्हा पुन्हा लिहा.

या आठवड्यात मात्र एवढंच करा : तिला गायनवृंदाच्या सरावाला पाठवा. पुढचं पत्र तिने स्वतः लिहू दे.