पाचला उठायचं सोड, फोन उचल

"आक्का, माझ्यात जिद्दच नाही काय?" असं विचारलंयस. पत्र लांबलचक आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही पोरगी २६ वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या गावातनं रोज बसने बेळगावात येते, उद्यमबागेत एका फॅक्टरीत अकाउंट्स बघते. रील्स बघून बघून हिनं पहाटे पाचला उठणं, ध्यानाचं ॲप, डायरी, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिणं, दहा पानं वाचन आणि साखर बंद असं सगळं एकाच सोमवारी चालू केलं. भिंतीवर २१ दिवसांचा तक्ता लावला, नवव्या दिवशी घरात पाहुणे आले, तक्ता चुकला, आणि हिनं तो फाडून टाकला.

बरं केलंस फाडलास ते.

आधी त्या २१ दिवसांचं बघू. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात, त्यातला "निदान" पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय येऊन बसली. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सोबतच्यांनी ९६ जणांवर खरंच अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही हेही त्यातच दिसलं. आणि त्या लोकांनी प्रत्येकी एकच सवय घेतली होती गं, तुझ्यासारख्या सहा नव्हेत.

पाचला उठण्याचं तर बोलूच नको. रात्री साडेसातला घरी, मग भाकरी, भांडी, आईच्या गोळ्या, झोपायला साडेअकरा, हे तूच लिहिलंयस. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते, तुझी होते साडेपाच. ज्यांच्या चहाचा कप दुसरं कुणीतरी विसळतं त्यांनी सांगितलेलं टाइमटेबल आहे ते, आपल्याला नाही जमत.

आता मला तुझ्या पत्रातली खरी ओळ सापडली ती शेवटच्या पानावर, सहीच्या वर, घाईत लिहिलेली. ऑफिसात गोकाक-बैलहोंगलकडच्या पार्टीचा फोन आला की तू रिसीव्हर शेजारच्या मुलीकडे सरकवतेस, कन्नडमधलं सरकारी पत्र आलं की तिलाच वाचायला लावतेस, आणि त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये रडू येतं. डायरी, साखर यातलं काहीच तुला रडवत नाही, हे रडवतंय. मग सुधारायचं काय ते तुला ठाऊकच आहे की!

शाळेत कन्नड होतं, पास होण्यापुरतं झालं, अक्षर लावत लावत वाचता येतं, समजतं बऱ्यापैकी, तोंड तेवढं उघडत नाही. आपल्याकडे निम्म्या लोकांचं असंच आहे. "कन्नड बोललीस तर भाऊ काय म्हणेल" असंही लिहिलंयस. भावाला सांग, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तू फोनवर दोन वाक्यं कन्नड बोललीस म्हणून तो काही आपण हरत नाही. घरात मराठीच बोल, वाचनालयात मराठीच पुस्तकं घे, कोण अडवतंय!

पीटर गोलवित्झर म्हणून एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं असं की "मी अमुक शिकणार" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "हे झालं की मी ते करणार" अशी गाठ मारून ठेवली तर काम होण्याची शक्यता वाढते. तर तुझी गाठ ही: बसमध्ये सीट मिळाली की, ऑफिसात आलेल्या एका कन्नड पत्राचा फोटो काढून ठेवलेला असेल तो उघडायचा आणि वाचायचा, अडलेले शब्द डायरीत लिहायचे (घेतलीच आहेस तर वापर ती). सीट नाही मिळाली तर त्या दिवशी सुट्टी, लोंबकळत कसला अभ्यास करतेस. आणि दिवसातला पहिला कन्नड फोन तू स्वतः घ्यायचा, फक्त पहिला. अडलीस तर "स्वल्प निधान हेळ्री" म्हणायचं, समोरचा हळू बोलतो, कुणी खात नाही. तरी नाहीच जमलं तर दे की रिसीव्हर तिकडे, पण आधी नमस्कार आणि कुठनं बोलताय एवढं तू विचारून.

शेजारच्या मुलीला सरळ सांगून टाक की मला शिकायचंय, चुकले तर तिथल्या तिथे सांग. तिला हे आवडेल असा माझा अंदाज आहे, रोज दुसऱ्याची पत्रं वाचून तीपण कंटाळली असेल.

तीन चांगल्या गोष्टी लिहिणं वगैरे वाईट नाही, मन लागलं तर कर, नाही तर राहू दे. ध्यानाच्या ॲपची फ्री ट्रायल मात्र या महिन्यात संपतेय म्हणालीस, तर आजच यूपीआयमध्ये जाऊन त्याचं ऑटो-पे कॅन्सल कर, नुसतं ॲप डिलीट करून पैसे कटायचे थांबत नाहीत.

– आक्का