मांडलेला लॅपटॉप आणि न उठणारे गिऱ्हाईक

या महिन्यात निवडलेली चारही पत्रे एकाच टेबलाभोवती फिरतात. विद्युत उपकरणांच्या दुकानात गिऱ्हाइकाने पाहावा म्हणून मांडलेला संगणक तासन्‌तास अडवला जातो, ही त्यांतील समान गोष्ट आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मुलीला यंदा अभियांत्रिकी पदविकेला प्रवेश मिळाल्यामुळे तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. आमच्या शहरातील एका मोठ्या शोरूममध्ये आम्ही लागोपाठ तीन रविवार गेलो. हवे असलेले मॉडेल तेथे एकच मांडलेले आहे आणि तिन्ही वेळा त्याच्यापुढे कोणी ना कोणी ठाण मांडून बसलेले होते. पहिल्या खेपेस दोन मुले मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होती, दुसऱ्या खेपेस एक गृहस्थ यूट्यूबवर क्रिकेटचा जुना सामना पाहत होते, तर तिसऱ्या खेपेस एका तरुणाने आपले फेसबुक उघडले होते. वीस मिनिटे थांबून ‘जरा पाहू का?’ असे विचारले, तेव्हा त्याने मान वर न करता ‘दोन मिनिटं’ म्हटले. आम्ही दुकानातून बाहेर पडेपर्यंत ती दोन मिनिटे संपली नव्हती. विक्रेत्याकडे गेलो, तर तो म्हणाला, ‘बसू द्या हो साहेब, काय माहिती हवी ती मी सांगतो ना.’ आता मुलगी म्हणते, न पाहताच ऑनलाइन मागवू. आमचे कोठे चुकते आहे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : चुकले असेल तर एवढेच, की तुम्ही त्या तरुणाला विचारलेत. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्यासारखेच आणखी एक गिऱ्हाईक आहात, आणि एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला ऊठ म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे कोणी मानत नाही. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून जी हमरीतुमरी होते, तिचेच हे थोडे सभ्य रूप आहे. यंत्र दुकानाचे आहे, ते कोणी किती वेळ वापरावे हे ठरवण्याचे काम दुकानाचे आहे, म्हणून बोलणे दुकानाशीच करावे. तेही ‘त्याला उठवा’ असे म्हणू नये. ‘हे मॉडेल मला घ्यायचे आहे, त्यापूर्वी दहा मिनिटे हाताळून पाहायचे आहे, तेवढी व्यवस्था करून द्या,’ असे सांगावे. ‘घ्यायचे आहे’ हे दोन शब्द ऐकल्यावर विक्रेता सहसा स्वतःच टेबलाकडे वळतो. तो वळला नाही, तर त्या मजल्याच्या व्यवस्थापकाला विचारावे. त्यात भिडेचे काही कारण नाही.

तुमच्या विक्रेत्याने तसे का केले नसावे, याचा अंदाज बांधता येतो. अशा दुकानांत लॅपटॉपच्या टेबलापाशी उभा असलेला माणूस पुष्कळदा दुकानाचा नोकर नसतो. एखाद्या कंपनीने आपला माल खपवण्यासाठी तेथे नेमलेला तो प्रतिनिधी असतो. त्याच्या टी-शर्टवरचे नाव वाचावे. शेजारच्या कंपनीचे यंत्र कोणी दिवसभर अडवून ठेवले, तरी त्याचे काही बिघडत नाही. उलट ‘माहिती मी सांगतो’ असे म्हणत तो तुम्हाला हळूहळू आपल्या कंपनीच्या मॉडेलपाशी घेऊन जाईल. मालकालाही टेबलाभोवती चार माणसे दिसलेली आवडतात, कारण रिकाम्या दुकानात शिरायला नवे गिऱ्हाईक कचरते. त्यामुळे उठवण्याचे काम नेमके कोणाचे, हे तेथे कोणीच ठरवलेले नसते.

साडीच्या दुकानात एखादी बाई पन्नास साड्या उलगडायला लावते आणि एकही न घेता निघून जाते, पण तिच्यावर कोणी रागावत नाही, कारण शेजारच्या गादीवर दुसरा माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकापुढे साड्या टाकतच असतो. लॅपटॉपच्या टेबलावर एका मॉडेलचा नग एकच. अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीने १९ मे २००१ रोजी आपली पहिली दोन दुकाने उघडली, तेव्हापासून तिने नेमकी उलटी चाल खेळली आहे. लांब टेबलांवर एकाच यंत्राचे अनेक नग मांडायचे, त्यांना इंटरनेट जोडायचे आणि येणाऱ्याला खुशाल वापरू द्यायचे. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलेल्या तिच्या दुकानातही हाच थाट आहे. तेथे एकाने तासभर बसकण मारली तरी दुसऱ्याची अडचण होत नाही. दहा कंपन्यांचा माल विकणाऱ्या आपल्याकडच्या शोरूमने तेवढीच सैल वागणूक ठेवली, पण नग मात्र एकेकच मांडला, की तुमच्या तीन रविवारांसारखे रविवार निघतात.

मुलीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. प्रोसेसर कोणता, रॅम किती, साठवण किती, हे घरी बसून वाचता येते आणि दुकानात उभे राहूनही त्यापेक्षा अधिक काही कळत नाही. बोटांना आणि डोळ्यांना जे कळायचे ते मात्र दुकानातच कळते. म्हणून मिळालेली दहा मिनिटे माहिती ऐकण्यात घालवू नका. खुर्ची असेल तर मुलीला बसवा आणि पानभर मजकूर टाइप करायला सांगा. कळफलकाच्या मधोमध बोटाने दाबून तो खाली लवतो का ते पाहा. झाकण एका हाताने उघडते की खालचा भागही सोबत उचलला जातो, हे पाहिले की बिजागरीची जात कळते. पडद्यावर पांढरे पान उघडून दोन्ही बाजूंनी वाकून पाहा, रंग फिका किंवा पिवळसर होत असेल तर शेजारी बसलेल्या मैत्रिणीला तिचे काम नीट दिसणार नाही. शोरूमचा लखलखाट फसवा असतो, तेव्हा पडद्याचा उजेड निम्मा करून पाहणे बरे. चोरी होऊ नये म्हणून अडकवलेल्या तारेमुळे वजनाचा अंदाज चुकतो, म्हणून तार हाताने सैल धरून यंत्र उचलावे. आणि एक गंमत करून पाहावी. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने स्वीकारले आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कळफलकांवर ते ४ च्या कळीवर छापलेले असते. भाषा ‘इंग्रजी (भारत)’ अशी निवडलेली असेल, तर उजवीकडची ऑल्ट कळ दाबून ४ दाबले की ते उमटते. एवढे करून घेईपर्यंत मुलीची बोटे त्या कळांना सरावतात, आणि पसंती-नापसंती तिची तीच सांगते.

चौथा रविवार मात्र वाया घालवू नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, दुकान नुकतेच उघडलेले असताना जा. टेबल पुसणाऱ्या मुलाखेरीज तेथे कोणी नसेल.

प्रश्न : तुम्ही ज्यांना नावे ठेवाल, त्यांतलाच मी एक आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, स्वतःचा लॅपटॉप नाही. स्पर्धा परीक्षेचे अर्ज, ई-मेल, कधी एखादे प्रकल्पाचे टिपण, हे सगळे मी जवळच्या मॉलमधील मांडलेल्या संगणकावर करतो. दुकानदार काही बोलत नाही. यात मी कोणाचे नुकसान करतो आहे काय?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नावे ठेवण्याचा विचार नाही. एमएस-सीआयटीच्या वर्गात एका संगणकापुढे दोघे बसत आणि माउस कोणाच्या हाती यावरून रोज कोपरखळ्या चालत, ते दिवस या सदराच्या लेखकानेही काढले आहेत. यंत्र हाताशी नसणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

तुम्ही दुसऱ्याचे नुकसान करता ते थोडे आहे, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला पाहून उठलात तर तेही उरत नाही. पण स्वतःचे नुकसान करण्याची तयारी मात्र तुम्ही पुरती केली आहे. दुकानातला संगणक बहुधा ‘डेमो’ अवस्थेत ठेवलेला असतो. काही काळ कोणी हात लावला नाही, की तो आधीच्या माणसाने केलेले सारे पुसून पुन्हा जाहिरातीची चित्रफीत दाखवू लागतो, अशी सोय विंडोजमध्येही आहे. मात्र तुमच्यामागून लगेच दुसरा बसला, त्याच्यामागून तिसरा, तर यंत्राला उसंत मिळत नाही आणि ही साफसफाई होतच नाही. मग तुमचे उघडे राहिलेले ई-मेल तुमच्यानंतरचा माणूस निवांत वाचतो. कित्येक दुकानांत ही सोय चालूही केलेली नसते. परीक्षेच्या अर्जात आधार क्रमांक, जन्मतारीख, सही, छायाचित्र असे सारेच असते, आणि ते ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात पडून राहते. ब्राउझरची खासगी खिडकी उघडली म्हणजे झाले, असे समजू नका. ती इतिहास ठेवत नाही एवढेच. दाबलेल्या कळा टिपणारा प्रोग्राम कोणी आधीच बसवलेला असेल, तर खासगी खिडकीतला पासवर्डही त्याला दिसतो.

आजच दोन कामे करा. मोबाइलवरून गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ विभागात जा, तेथे तुमचे खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे त्याची यादी असते. ओळखीचे नसलेले प्रत्येक यंत्र तेथून बाहेर काढा आणि मग पासवर्ड बदला. व्हॉट्सअ‍ॅपमध्येही ‘जोडलेली उपकरणे’ पाहा. यापुढे अर्ज भरण्यासाठी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा किंवा अभ्यासिका वापरा. तेथे बसण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुकानात तुमचे बसणे दुकानदाराच्या मर्जीवर आहे.

प्रश्न : मी एका शोरूममध्ये विक्रेता आहे. बसून राहणाऱ्यांना उठवले तर ‘गिऱ्हाइकाशी नीट वागत नाही’ अशी तक्रार होते, नाही उठवले तर खरे गिऱ्हाईक निघून जाते. मी काय करावे?
— एक विक्रेता, नागपूर

उत्तर : हे कोडे तुम्ही एकट्याने सोडवायचे नाही, दुकानाने टेबलाची मांडणी बदलून सोडवायचे आहे. लॅपटॉपपुढची खुर्ची काढून टेबल उभ्या माणसाच्या कमरेच्या उंचीचे केले, की मुक्काम आपोआप आटोपता होतो, कारण उभ्याने पूर्ण सामना पाहणारा विरळा. मुक्काम लांबण्याचे दुसरे कारण इंटरनेट. ते सगळ्या यंत्रांना देण्याची गरज नाही, एकदोन यंत्रांना पुरे. खेळ दाखवण्यासाठी घेतलेल्या महागड्या यंत्राची जागा वेगळ्या कोपऱ्यात करा, म्हणजे मुले तिकडे वळतील आणि आईवडिलांचे टेबल मोकळे राहील.

राहता राहिला बसलेला माणूस. त्याला उठवू नका, त्याला माल दाखवायला लागा. जवळ जाऊन ‘दादा, याच्यात काय काय पाहिलंत? बजेट किती आहे आपलं?’ असे मनापासून विचारा. ज्याला घ्यायचे असते तो बोलू लागतो, आणि ज्याला घ्यायचे नसते तो ‘सहज बघत होतो’ असे म्हणत खिशातला मोबाइल चाचपू लागतो. त्याच क्षणी मागे थांबलेल्यांना ‘या साहेब, तुम्ही पाहा’ म्हणावे. यात तक्रार करण्याजोगे काही उरत नाही. शाळकरी मुलांशी मात्र गोड बोलून भागत नाही, त्यांना ‘दहा मिनिटं झाली की पुढच्याचा नंबर’ असे आधीच सांगावे लागते. गावोगावच्या वाचनालयांत वर्तमानपत्राच्या टेबलावर हाच नियम तोंडी चालत आला आहे, आणि पोरे तो पाळतात. अडून बसतात ते निवृत्त काका.

प्रश्न : दुकानदार ‘डिस्प्ले पीस’ सहा हजारांनी स्वस्त द्यायला तयार आहे. घ्यावा काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वरील तिन्ही पत्रे वाचून तुम्हीच ठरवा, कारण शर्यतीचा खेळ आणि क्रिकेटचा सामना ज्याच्यावर चालला ते हेच यंत्र. त्याच्या कळा झिजल्या असतील हे दिसते, बॅटरीचे दिसत नाही. मांडलेला लॅपटॉप महिनोन्‌महिने चार्जरला जोडलेला आणि गरम असतो. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ठेवली, की लवकर म्हातारी होते. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची आज्ञा असते. डेमोचे कुलूप काढून ती चालवून दाखवा, असे दुकानदाराला सांगा. अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे येतात. दुसरा आकडा पहिल्याच्या बराच खाली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत त्या सहा हजारांतून वजा करून मग सौदा मोजा.

यंत्राचा अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी कधी संपते तेही पाहावे. ती दुकानात यंत्र मांडल्यापासून चालू झाली असेल, तर वर्षातले काही महिने आधीच गेलेले असतात आणि ते भरून द्या असे कंपनीकडे लेखी मागावे लागते. बिलावर ‘डिस्प्ले पीस’ हे शब्द लिहून घ्या. वापरलेली किंवा जुनी वस्तू नवी म्हणून खपवणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. दुकानदार लिहून देण्यास कां-कूं करू लागला, तर यंत्र तेथेच ठेवावे. पैसे देऊन झाल्यावर तंटा उद्भवला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैसे देण्यापूर्वी आणखी एक करा. त्या यंत्रावर राहिलेली दुसऱ्यांची खाती, छायाचित्रे आणि पुण्याच्या त्या विद्यार्थ्यासारख्या कोणाचा अर्ज पुसला जावा, म्हणून दुकानदाराकडून यंत्र तुमच्यासमोर मूळ स्थितीला आणून घ्या.